खिळ्यावरचे कप

दगड येऊन पडला होता आणि तो उभा करायला जागा नव्हती.

म्हणजे जागा पुष्कळ होती. चर्चच्या मागचं कबरस्तान थेट खाडीपर्यंत उतरत गेलेलं. त्यात अजून दोन पिढ्या मावल्या असत्या. पण व्हर्नेलची आई त्यात नेमकी कुठं निजली आहे, हे व्हर्नेलला ठाऊक नव्हतं. पोटच्या पोरीला नाही तर कुणाला ठाऊक असणार, अशा भरवशावर राज्याच्या इतिहास समितीनं सगळं तिच्यावर सोपवलं होतं. ‘कबरीची जागा वारसांनी दाखवावी’, असं पत्रात स्पष्ट छापलं होतं. वारसानं ते पत्र चारदा वाचलं, घडी घालून बायबलमध्ये ठेवलं आणि बायबल उघडणंच बंद केलं.

दगड मात्र देखणा होता. करड्या ग्रॅनाइटचा. त्यावर कोरलेलं: ‘आर्झेलिया फ्रिप, १९१६–१९७१. हिनं हॅगूड बेटाला वाचायला शिकवलं.’

हे एक वाक्य खरं ठरायला ती गेल्यावरही जवळजवळ चाळीस वर्षं लागली होती. चर्चच्या स्मरणिकेत इतकी वर्षं छापून येत होतं की, बेटावरच्या एकेचाळीस काळ्या माणसांनी कोर्टात जाऊन, गोऱ्या कारकुनासमोर कायद्याचं कलम खडाखडा वाचून मतदार म्हणून नाव नोंदवलं, ते तेव्हाच्या रेव्हरंडसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळी कलम वाचून दाखवता आलं नाही, तर काळ्या माणसाला मत नव्हतं. रेव्हरंडसाहेब भले गृहस्थ होते, पण त्या काळात ते स्वतःच्या सावलीलाही ‘सर’ म्हणत. शेवटी त्या एकेचाळिसांतली एक म्हातारी मरायच्या आधी समितीच्या बाईंना म्हणाली, “रेव्हरंड? तो आमच्यानंतर चार वर्षांनी मत द्यायला गेला. आम्हाला झेलियानं शिकवलं. तिच्या सैपाकघरात.” तिथून हा दगड निघाला.

अकरा दिवसांवर घरपरतीचा रविवार होता. ऑगस्टातल्या त्या एका रविवारी फिलाडेल्फिया, न्यूअर्क, डेट्रॉइट, कुठंकुठं पांगलेली बेटावरची माणसं गाड्या भरभरून येतात, चर्चच्या अंगणात जेवतात आणि आपापल्या मेलेल्यांना भेटून जातात. दगड त्या दिवशी उभा राहायचा होता.

“अगं बाई, नुसतं बोट दाखवायचंय तुला,” चर्चची चिटणीस रेनेटा म्हणाली. दोघी चर्चच्या पडवीत दगडापाशी उभ्या होत्या. “खणायला माझे भाचे आहेत. आठवडाभर फुकट खातात, जरा घाम गाळू देत मेल्यांना.”

“दाखवते की. तिथं तो मोठा ओक होता बघ…”

“ओक एकोणनव्वदच्या वादळात गेला. वीस वर्षं झाली, व्हर्नेल.”

“ठाऊक आहे मला.”

“मग?”

व्हर्नेल दगडावरची धूळ पुसत राहिली. धूळ नव्हतीच.

“डीकन गॅड्सडेनला विचार,” रेनेटा जरा हळू आवाजात म्हणाली. “बेटावरचा एकेक खड्डा त्यानंच खणलाय.”

“त्यांना ऐकू येत नाही.”

“कुणाला, त्याला? शेजारच्या ताटात कोळंबी वाढली तर त्याला ऐकू येते!” रेनेटा हसली आणि मग एकदम थांबली. “ऐकू येतं त्याला. तुझ्याशी बोलत नाही तो. तीन वर्षं झाली तुला परत येऊन. तुझ्या लक्षात नाही आलं?”

लक्षात आलं होतं. न कळल्यासारखं करायला मात्र व्हर्नेल फार लहानपणी शिकली होती.

चौदा वर्षांची होती ती तेव्हा. आई कालवं सोलायच्या शेडमध्ये कामाला. घरी संध्याकाळी माणसंच माणसं. सैपाकघराच्या भिंतीवर खिळ्यांच्या ओळी, खिळ्याला एकेक कप, कप ज्याचा त्याचा. व्हर्नेल दारात उभी राहून बघायची आणि तिला दिसायचं ते एवढंच, की आपली आई परक्या म्हाताऱ्यांचे हात हातात धरून अक्षरं गिरवून घेते आणि आपल्याला म्हणते, “तू झोप जा, बाळा.” मग एका सकाळी शेडच्या मालकानं आईला कामावरून काढलं. आठवडाभरानं खिडकीतून दगड आला, तो व्हर्नेलच्या उशीवर पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं तिला फिलाडेल्फियाच्या बसमध्ये बसवलं, मावशीकडे. बसच्या काचेवर तळहात ठेवून आई म्हणाली होती, “थोडे दिवसच.” व्हर्नेलनं काचेकडे पाठ केली. सगळ्या बेटाचे कप हिच्या भिंतीला चालतात, पोटची पोर तेवढी चालत नाही, अशी तिनं मनाशी गाठ मारली, आणि ती गाठ पुढं तेरा वर्षं सोडली नाही. आई गेल्याची तार आली तेव्हासुद्धा नाही. तिनं फुलं पाठवली. स्वतः गेली नाही.

ती आली आठ वर्षांनी, १९७९ साली, नवऱ्याला बेट दाखवायला. थर्मन शहरात जन्मलेला, बुटाला चिखल लागला तर तोंड वाकडं करणारा. रेव्हरंडांच्या बायकोनं ओकाकडे हात करून आईची जागा सांगितली. व्हर्नेल तिथं गेली आणि शरमेनं तिचं तोंड उतरलं. कबरीवर फुटक्या कपांचा ढीग. पांढरे, तपकिरी, काचेचे, कान तुटलेले, तळाला भोकं पडलेले. शेजारच्या कबरींवरही तसलंच काहीबाही, कुठं बंद पडलेलं घड्याळ, कुठं कंदिलाची काच.

“तुमच्यात माणसांना उकिरड्यावर पुरतात होय?” थर्मन म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. पण लागायचं तिथं लागलं.

व्हर्नेलनं चर्चच्या पडवीतून हातगाडी आणली. अर्धा दिवस खपून तिनं ती अख्खी ओळ साफ केली. चार खेपांत सगळं खाडीत ओतलं. वाळू झाडूनझाडून गुळगुळीत केली, कबरीचा उंचवटासुद्धा राहिला नाही. मग तिनं फोटो काढला. आईसाठी आपण काहीतरी केलं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं. दगड पुढच्या वर्षी बसवू, असं ठरवून ती गेली. पुढच्या वर्षी थर्मनचं दुखणं निघालं, आणि मग पुढचं वर्ष पुढंच सरकत राहिलं.

त्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर दोन-तीन म्हातारे बसून बघत होते. कुणी एक शब्द बोललं नाही. व्हर्नेलला वाटलं, कौतुकानं बघतायत.

चर्चच्या कारभारातले सगळ्यांत वडीलधारे, डीकन एफ्राइम गॅड्सडेन, एक्याण्णव वर्षांचे होते. डोळे आठ वर्षांपूर्वीच गेलेले, पण ओसरीवर बसून कोळंबी धरायचं फेकजाळं, पाग, विणायचे ते बोटांच्या अंदाजानं, आणि गाठ कधी चुकायची नाही. व्हर्नेल पहिल्या दिवशी गेली, “नमस्कार अंकल, मी व्हर्नेल,” म्हणाली, आणि तासभर गाठींचा आवाज ऐकून परत आली. दुसऱ्या दिवशी तिनं सॉसेज घातलेला लाल भात नेला. डीकननी ताट निपटून खाल्लं, बोटंसुद्धा चाटली, आणि पुन्हा पाग हातात घेतला.

“खाल्ल्या मिठाला तरी जागा, अंकल.”

“मीठ कमी होतं,” डीकन म्हणाले.

तीन वर्षांतले ते पहिले शब्द. व्हर्नेल घरी जाऊन ओट्यापाशी उभी राहून रडली, आणि तिसऱ्या दिवशी मीठ जास्त घालून भात घेऊन गेली.

डीकननी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही. “खाडीत ओतलेस ना?” ते म्हणाले.

“काय ते?”

“सोंग आणू नकोस, पोरी. माझे डोळे गेलेत, तुझे शाबूत आहेत. तेव्हा माझेही शाबूत होते. पायरीवर बसलो होतो मी. चार खेपा मोजल्या.”

“फुटके कप होते हो ते,” व्हर्नेल म्हणाली. “सगळ्यांच्या तळाला भोकं.”

“तळ आम्हीच फोडले. कबरीवर ठेवायच्या वस्तूचा तळ फोडायचाच असतो, नाहीतर मरणाची साखळी तुटत नाही, मागोमाग घरातलं दुसरं माणूस जातं. चौदा वर्षं बेटावर वाढलीस आणि हे विसरलीस?”

ती आपोआप विसरली नव्हती. मावशीनं पहिल्या दोन वर्षांत तिच्या बोलण्यातून, खाण्यातून, डोक्यातून बेट खरवडून काढलं होतं, आणि व्हर्नेलनं ते खरवडू दिलं होतं. हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

डीकन बोलायला लागले आणि मग थांबेनात.

“तुझ्या आईला कागद ठेवायची सोय नव्हती. कागदावर नाव सापडलं की नोकरी गेली, घर गेलं. जे लिहून घ्यायची ते उठायच्या आधी चुलीत. म्हणून कप. हवालदार दारात आला की त्याला दिसायचं, काळी माणसं कॉफी पितायत. कॉफी पिऊ नये असा कायदा तेवढा त्यांना सुचला नव्हता अजून. शिकायला आलास की तुझा कप खालच्या खिळ्यावर. कोर्टात जाऊन, कलम वाचून, नाव नोंदवून आलास की तुझ्या हातानं तो वरच्या ओळीत टांगायचा. त्या दिवशी ती तुला दुप्पट साखर घालायची. मी पहिला. एकोणचाळीस वर्षांचा घोडा होतो मी, आणि वरचा खिळा गाठताना माझे हात असे हलत होते की कपाचा कान उडाला. ती म्हणाली, एफ्राइम, कान उडाला तर उडू दे, मान ताठ ठेव.”

ते जरा हसले. पाग मांडीवर पडून राहिला.

“तिला कामावरून काढल्यावर ती एकटी होडी घेऊन कालवं काढायला जायची. हात कापून कापून सोललेले. त्या हातांनी खडू धरायची. एकेचाळीस माणसं, पोरी. एकालाही कोर्टात एकटं पाठवलं नाही तिनं, प्रत्येकाबरोबर गेली आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. ती गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी भिंतीवरचे आपापले कप उतरवले, तळ फोडले आणि तिच्यावर ठेवले. रूथ चिझमचा सोनेरी काठाचा. सायलसची जेलीची बरणी, त्याला कप कुठला मिळायला. माझा बिनकानाचा. तिनं काय केलं त्याची वही म्हणशील तर तेवढीच होती. दुसरी कुठं नाही. तुझ्या समितीनं कितीही शोधू दे.”

व्हर्नेलनं तोंडावर हात ठेवला होता. हाताच्या आडून ती म्हणाली, “आणि निळा? एनॅमलचा, छोटा… कानाजवळ टवका उडालेला. तो कुणाचा?”

हे तिला ठाऊक होतं. विचारताविचारताच ठाऊक झालं होतं. सहा वर्षांची असताना तिच्याच हातून पायरीवर पडून तो टवका उडाला होता. १९७९ मध्ये तो कप तिच्या तळहातावर होता. तळाला खिळ्यानं भोक पाडलेलं. ती घटकाभर थांबलीही होती. कुणा लेकराचा दिसतोय, असं तिच्या मनात आलं होतं. मग थर्मननं हाक मारली आणि तिनं तो हातगाडीत टाकला.

डीकननी मांडीवरचा पाग बाजूला सारला.

“तू गेलीस त्या दिवसापासून ती त्यातूनच प्यायची,” ते म्हणाले. “दोन घोट मावायचे त्यात. आम्ही चेष्टा करायचो, झेलिया, बाहुलीच्या कपातून कॉफी पितेस होय? तर म्हणायची, माझ्या पोरीचा कप वापरात राहिला पाहिजे. धूळ बसली तर परत येऊन तिला वाटेल, आपल्याला विसरले. मेली त्या सकाळीही तोच उशाशी होता.”

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी गाडीतून हात केला. व्हर्नेलला दिसलं नाही.

“जागा दाखवा, अंकल,” ती म्हणाली. “पाया पडते तुमच्या. जागा दाखवा.”

“कुठून दाखवू? मी खड्डे खणले, पण कोण कुठं हे मीसुद्धा वस्तूंवरूनच ओळखायचो, सगळे ओळखतात तसं. नाहीतर ओकावरून. वस्तू तू नेल्यास, ओक वादळानं नेला. फ्रिप भावांच्या दगडापासून रेव्हरंडच्या बायकोच्या दगडापर्यंत बिनदगडाचे सहा जण आहेत. सहातली एक ती. कुठली, ते देव जाणे.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?” व्हर्नेल ओरडलीच. “ओक उभा होता! तुम्हा सगळ्यांना आठवत होतं!”

“रक्ताच्या माणसानं कबरीवरचं उचललं तर बाहेरच्यानं तोंड उघडायचं नसतं. आम्ही कोण?” डीकननी पाग पुन्हा हातात घेतला, पण विणला नाही. “आणि आम्हाला वाटलं, तू जागा साफ करत्येस म्हणजे दगड आणणार असशील. दहा वर्षं वाट पाहिली आम्ही दगडाची. मग वादळ आलं.”

बैल गेला नि झोपा केला, तसं दुसऱ्या दिवशी ओहोटीला व्हर्नेल फावडं घेऊन खाडीत उतरली. गुडघाभर चिखलात तिनं दुपारपर्यंत खणलं. कालवांच्या शिंपल्यांखेरीज काही निघालं नाही, आणि त्या शिंपल्यांनी तिचे हात मात्र कापले. रेनेटा काठावरून हाका मारमारून दमली, मग स्वतःच चपला काढून उतरली आणि तिला धरून वर घेऊन आली. “भरती येतेय, वेडे,” एवढंच ती म्हणाली.

घरपरतीच्या रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. समितीच्या बाई निळी टोपी घालून पहिल्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सकाळी हळूच सुचवलं होतं, की सहांपैकी मधल्या एखाद्या जागी दगड ठेवू आणि अहवालात ‘अंदाजे’ असं लिहू; कुणाला कळणार आहे? व्हर्नेल ‘नाही’ म्हणाली. आईच्या बाबतीत तिनं आयुष्यभर अंदाजच केले होते.

तिचं नाव पुकारल्यावर ती उठली. हातांना पट्ट्या बांधलेल्या. तिनं आईबद्दल सगळं सांगितलं, खिळे, कप, दुप्पट साखर, कोर्टाची पायरी. वाक्यावाक्याला लोक ‘आमेन’ म्हणत होते, ‘सांग, पोरी, सांग’ म्हणत होते, म्हाताऱ्या बायका पंखे हलवत रडत होत्या. मग ती म्हणाली, “आणि ते कप मी खाडीत टाकले. मला तिची लाज वाटली म्हणून. माझी आई कुठं आहे ते मला ठाऊक नाही, आणि माझ्यामुळं आता कुणालाच ठाऊक नाही.”

त्या चर्चमध्ये कुणी शिंकलं तरी ‘आमेन’ मिळतो. या वाक्याला मिळाला नाही. पंखेसुद्धा थांबले.

दगड शेवटी कबरस्तानाच्या फाटकापाशी उभा राहिला. फोटो निघाले, अंगणात मेजं मांडली, भेंडीच्या रश्श्याचा वास सुटला. व्हर्नेल जेवायला थांबली नाही. घरून ती एक पिशवी घेऊन आली आणि कबरस्तानाच्या त्या ओळीपाशी गेली. पिशवीत पाच कप होते. एकट्या बाईचं घर, पाचच होते.

“किती आणलेस?” मागून आवाज आला. रेनेटाच्या खांद्यावर हात ठेवून डीकन उभे होते, दुसऱ्या हातात अर्धा प्यालेला कॉफीचा कप.

“पाच.”

डीकननी उभ्याउभ्याच उरलेली कॉफी संपवली आणि कप पुढं केला. “हा घे. तळ फोड आधी. नाहीतर साखळी तुटायची नाही. तशी माझी काही हरकत नाही, पण रेनेटाला अजून जेवायचंय.”

रेनेटा रडता रडता हसली. व्हर्नेल खाली बसली आणि तिनं हातोडीनं एकेका कपाचा तळ फोडला.

“त्यातला एक सायलस आहे, बरं का,” डीकन म्हणाले. “त्याला आई म्हणशील तर उठून बसेल.”

“म्हणेन,” व्हर्नेल म्हणाली. “सहाही जणांना म्हणेन. एकीला तरी ऐकू जाईल.”

पहिल्या कबरीवर तिनं कप पालथा ठेवला आणि वाळूवर तळहात टेकला. “आई, मी व्हर्नेल. मला यायला उशीर झाला.” मग दुसरीवर. मग तिसरीवर. दर वेळी तेच, तेवढंच, कारण दुसरं काही सांगण्यासारखं तिच्यापाशी नव्हतं. पाच वेळा तिनं ते नीट म्हटलं. सहाव्या कबरीवर डीकनचा कप ठेवला, तळहात टेकला, तोंड उघडलं, पण शब्द फुटेनात. ती तशीच ओणवी बसून राहिली. अंगणातून मुलांचा गलका येत होता.

तेव्हा डीकन रेनेटाचा खांदा सोडून चाचपडत दोन पावलं पुढं आले.

“झेलिया,” ते वाळूकडे तोंड करून म्हणाले, “व्हर्नेल आलीय गं.”